तेरा तासांची रात्र

डिसेंबर लागला की मुंबईत थंडीची चौकशी सुरू होते. पंख्याचा वेग एकने कमी झाला, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या डोक्यावर कानटोपी दिसली, की झाली थंडी. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता, तो इथला नीचांक. एरवी जानेवारीतही पहाटेचं तापमान सोळा-सतराच्या घरात असतं. समुद्र शेजारी असल्यावर यापेक्षा जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नाही. म्हणून हौशी माणसं घाट चढतात. कसारा ओलांडून घोटीमार्गे भंडारदऱ्याला, किंवा बोरघाट चढून कामशेतवरून पवनेच्या काठी, नाहीतर मुळशीला. डोंगर, पाणी आणि हुडहुडी एकाच शनिवार-रविवारात.

बेत मात्र बहुतेकांचा दिवसाचा असतो. होडी, फोटो, दुपारचं चुलीवरचं जेवण. रात्र मधे पडते म्हणून तंबू. खरं तर डिसेंबरातली धरणाकाठची दुपार ही कुठल्याही दुपारसारखीच असते. बाराला ऊन चटके देतं, पाण्यावरची झळाळी डोळ्यांत जाते आणि सावली शोधावी लागते. ज्यासाठी एवढा घाट चढायचा ती थंडी येते संध्याकाळी. डिसेंबरच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातनंतर उगवतो. म्हणजे रात्र तेरा तासांची. पश्चिमेला उंच डोंगर असेल तर त्याहून मोठी, कारण काठावरचं ऊन पाच-सव्वापाचलाच जातं. तयारी या तेरा तासांची करावी. दिवस आपली काळजी आपण घेतो.

ठिकाणांबद्दल थोडक्यात. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली प्रवरेवर पूर्ण झालं. मागचा आर्थर जलाशय समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे, कळसूबाई आणि रतनगड अंगावर येतील इतके जवळ. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री इथे पारा दहाच्या आसपास येतो, उत्तरेकडून थंडीची लाट आली की त्याच्याही खाली. पवना सुमारे सहाशे मीटरवर, भोवती तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर. मुंबईहून जवळ, म्हणून गर्दीही तितकीच. मुळशीचं पाणी वीजनिर्मितीसाठी भिऱ्याकडे उतरतं. विहार आणि तुळशी हे मुंबईला पाणी पुरवणारे तलाव मात्र राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत, तिथे मुक्कामाचा विचारही नको.

ही सगळी पाणी अडवून झालेली तळी आहेत आणि निम्म्या गोष्टी तिथूनच ठरतात. नैसर्गिक तळ्याचा काठ वर्षानुवर्षं एका जागी असतो. धरणाचा काठ दर आठवड्याला सरकतो. पावसाळा संपताना धरण काठोकाठ भरलेलं असतं. पुढे रब्बीसाठी पाण्याची आवर्तनं सुटू लागली की पाणी मागे हटतं आणि सपाट, गुळगुळीत, गवत नसलेली जमीन उघडी पडते. तंबूवाल्याला ती बघताच मोह होतो. ती जमीन म्हणजे गाळ. वर भेगाळलेला सुका पापुद्रा, खाली लोण्यासारखा चिखल. खुंटी ठोकली तर हाताने उपसून येते आणि पहाटे वारा सुटला की तंबू गुंडाळला जातो. पायाने अंदाज घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे टाच जोरात आपटून बघणं. पापुद्रा खचला किंवा टाचेभोवती पाण्याचा ओलसर कडा उमटला, की मागे फिरावं. शिवाय ही जमीन रिकामी नसते. पाणी ओसरेल तशी तिथे पिकं घेतात, तिला गाळपेर म्हणतात. हरभऱ्याच्या कोवळ्या रोपांवर तंबू ठोकलेला कुणाला आवडेल?

त्याच्या उलट चूक धरणाच्या खालच्या अंगाला होते. भिंतीखालचं नदीचं पात्र हिवाळ्यात कोरडं, स्वच्छ वाळूचं, वाऱ्यापासून आडोशाचं. विद्युतगृह सुरू झालं किंवा आवर्तन सुटलं की तिथे पाणी बघता बघता चढतं. भिंतीच्या खाली पात्रात झोपायचं नाही, यात सवलत नाही.

मग जागा कुठली? पाण्यापासून उंचीने दहा-पंधरा मीटर वर, मुरमाड, हलकासा उतार असलेली. उंची महत्त्वाची, कारण थंड हवा जड असते. आभाळ निरभ्र असलं की सूर्यास्तानंतर जमीन आपली उष्णता थेट आकाशात सोडते, तिच्या अंगालगतची हवा गार होते आणि उतारावरून पाण्यासारखी वाहत खोलगट भागात साचते. काठाला मिळणाऱ्या ओढ्याचं तोंड ही तिची वाट. तिथे तंबू लावला तर रात्रभर कुणीतरी फ्रीजचं दार उघडं ठेवल्यासारखं वाटतं. तेच पन्नास पावलं बाजूला, उंचवट्यावर, दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. नाशिक जिल्ह्यातलं निफाड हिवाळ्यात राज्याच्या नीचांकाच्या बातम्यांत सारखं येतं. उघड्या, सखल भागात गारठा कसा साचतो हे तिथले द्राक्षबागायतदार कुणाहीपेक्षा चांगलं सांगतील, पहाटे बागेत शेकोट्या पेटवायची वेळ त्यांच्यावरच येते.

दुसरं बघायचं ते सकाळचं ऊन. जलाशयाच्या पश्चिम काठावर, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून बसल्यावर, पहिलं ऊन अंगावर येतं. पूर्वेच्या डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम केला तर समोरचा काठ सोनेरी झालेला बघत आणखी तासभर कुडकुडायचं. भिजलेला तंबू वाळायलाही हेच ऊन लागतं. तिसरं, झाडाखाली डोकं वर करून बघावं. झाडाच्या छत्राखाली दव कमी पडतं, म्हणून झाड चांगलं. पण वाळलेली फांदी किंवा आग्या मोहोळ असेल तर वाईट. सह्याद्रीत कड्यांना आणि मोठ्या झाडांना ही मोहोळं लटकलेली असतात. खाली धूर केला की माश्या उठतात, आणि उठलेल्या आग्या माश्यांपुढे कुणाचं काही चालत नाही. जागा ठरवताना हे बघायला उजेड लागतो, म्हणून साडेचारला पोचणं आणि साडेपाचपर्यंत तंबू उभा करणं. मुंबईहून दुपारी निघणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. ते पोचतात आठला आणि मोबाइलच्या उजेडात गाळावर तंबू लावतात.

तंबू लावण्यातही दवाचा हिशेब आहे. खाली ताडपत्री अंथरतात ती तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन बोटं आत दुमडलेली हवी. बाहेर डोकावणारी कड फ्लायवरून, म्हणजे तंबूवर ताणलेल्या बाहेरच्या कापडावरून, ओघळणारं दव गोळा करून तंबूच्या पोटाखाली नेते, आणि पहाटे तीनला पाठ ओली का झाली याचं कोडं पडतं. खुंट्या तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेल्या, साधारण पंचेचाळीस अंशांत. मुरमात प्लास्टिकच्या खुंट्या तुटतात. आठ इंची लोखंडी खिळे दोन रुपयांनी जड असले तरी तेच न्यावेत. फ्लाय ढोलासारखा ताणलेला हवा आणि आतल्या कापडापासून चार बोटं तरी सुटा. कारण आत झोपलेली दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. फ्लाय आभाळाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही गार झालेला असतो, ते पाणी त्याच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसतं. सैल फ्लाय आतल्या कापडाला चिकटला की ते थेंब तुमच्यावर. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद करणारा माणूस सकाळी ओल्या पांघरुणात उठतो. वरची झडप उघडी ठेवायची, चेन खालून वीतभर सोडायची. गार पण कोरडी हवा उबदार पण दमट हवेपेक्षा केव्हाही बरी.

आता झोप. थंडी आभाळातून येते असं सगळे समजतात आणि पांघरुणावर पांघरूण चढवतात. झोपलेल्या माणसाला थंडी जमिनीतून लागते. स्लीपिंग बॅगची पाठीखालची बाजू अंगाच्या वजनाने चेपते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि हवा गेली की ऊबही गेली. म्हणून आधी गादी, मग पांघरूण. जिममधली सहा मिलिमीटरची योगा मॅट एकटी पुरत नाही, दोन एकावर एक घातल्या तर बरीच फळते. बंद पेशींच्या फोमची दहा मिलिमीटरची चटई असेल तर उत्तम. पोहण्याच्या तलावातली फुगवायची गादी मऊ असते पण तिच्यातली हवा आतल्या आत फिरत राहते आणि जमिनीचा गारवा पाठीपर्यंत आणते. तीच न्यायची असेल तर तिच्यावर घोंगडी अंथरावी. घोंगडीसारखी वस्तू नाही खरं तर. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरते, ठिणगी पडली तर भोक पडून विझते, नायलॉनसारखी पेटत किंवा वितळत नाही. टोचते, हा एकच दोष.

स्लीपिंग बॅगवर छापलेला आकडा नीट वाचावा. चांगल्या बॅगेवर तीन आकडे असतात, आरामाचा, मर्यादेचा आणि निव्वळ तग धरण्याचा. स्वस्त बॅगेवर एकच मोठा आकडा असतो आणि तो आरामाचा असेल अशी खात्री देता येत नाही. ‘५ अंश’ लिहिलेल्या बॅगेत दहा अंशांत झोप लागेलच असं नाही. आतून एक सुती चादर किंवा शाल, पायात कोरडे मोजे, डोक्यावर कानटोपी. दिवसभर घामेजलेले सुती कपडे झोपताना बदलायचेच. घाम सुकायला उष्णता लागते आणि ती तुमच्याच अंगातून जाते. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण उलटं धरून गळत नाही ना हे बघून, मोज्यात घालून पायाशी ठेवावी. पहाटेपर्यंत ती कोमट असते, सकाळी तेच पाणी तोंड धुवायला. तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नये, श्वासाची वाफ आतच राहते. झोपण्याआधी मूठभर शेंगदाणे आणि गूळ, आणि लघवीला जाऊन येणं. मध्यरात्री उठायचा कंटाळा करत पडून राहणाऱ्याला झोपही लागत नाही आणि ऊबही.

इथे एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं तंबूत न्यायचं नाही, बंद खोलीतही नाही. निखारे धूर करत नाहीत, म्हणून ते निर्धोक वाटतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि थंडीने थकलेला माणूस ती झोप समजतो. खिडकी थोडी उघडी आहे, ही पळवाट नव्हे. शेकोटी बाहेर, माणसं बाहेर. आत जाताना फक्त माणसं आत.

शेकोटीचंही तंत्र आहे. डिसेंबरपासून डोंगरावरचं गवत वाळत जातं आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. गवतावर शेकोटी नाहीच. मुरमाची दोन मीटर मोकळी जागा किंवा चार दगडांवर ठेवलेलं जुनं लोखंडी घमेलं. दगड काठावरून, पाण्यातून उचललेले नकोत. त्यांच्यात मुरलेलं पाणी तापून वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडतात. लाकूड गावातून विकत घ्यावं. भंडारदऱ्याच्या बाजूला तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तिथे काडी उचलणंही नियमात बसत नाही. सहा जणांना तीन तास शेकायला दहा-बारा किलो पुरतं, जर मोठा जाळ करायची हौस नसेल. मोठ्या जाळाजवळ बसता येत नाही, पुढून भाजतं आणि पाठ गारच राहते. लहान शेकोटी, जवळ बसणं आणि पाठीवर घोंगडी. विझवताना पाणी, मग काठीने ढवळणं, पुन्हा पाणी, शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघणं. ऊब लागली तर अजून विझलेली नाही. वाळू टाकून झाकलेली शेकोटी आतून सकाळपर्यंत धुमसते आणि पहाटेच्या वाऱ्याने उघडी पडते.

गॅसचा छोटा डबा नेणाऱ्यांना पहाटे चहाच्या वेळी ज्योत मलूल झालेली दिसते आणि ते डबा संपला म्हणून फेकतात. संपलेला नसतो. आतला ब्युटेन गार पडल्यावर वायू व्हायला कुरकुर करतो, आणि जळताना आणखी गार होतो. रात्री तो डबा पांघरुणात घेऊन झोपावं, किंवा चहाआधी दहा मिनिटं जॅकेटच्या आत धरावा. निखाऱ्यांजवळ मात्र ठेवू नये.

जेवणात सगळीकडे बार्बेक्यूची सळई फिरते. चिकनचे तुकडे बाहेरून काळे, आतून गुलाबी. थंडीतली आपली पद्धत याहून कितीतरी सरस आहे, ती म्हणजे रायगडची पोपटी. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, वालाच्या शेंगा भरल्या की अलिबाग, पेण, पनवेलच्या बाजूला शेतात पोपट्या लागतात. मडकं घेऊन कुठल्याही काठावर ती करता येते. सहा जणांसाठी दहा-बारा लिटरचं जाड मातीचं मडकं, दोन-अडीच किलो वालाच्या भरलेल्या पण कोवळ्या शेंगा, अर्धा किलो लहान बटाटे, सहा अंडी, अर्धा किलो कोंबडी, मूठभर जाडं मीठ, दोन चमचे ओवा आणि भरपूर भांबुर्डीचा पाला. हा पाला बांधावर उगवतो आणि पोपटीचा वास त्याचाच. शेंगा विकणाऱ्या बाईकडेच बहुधा जुडी मिळते. पाला मिळाला नाही तर केळीची पानं लावावीत, चव पडेल, पण ओळख नसलेला रानपाला तोडून घालू नये.

मडकं आधी आतून ओलं करून घ्यावं. बुडाला पाल्याचा चांगला चार बोटं थर. त्यावर शेंगा, मीठ-ओवा, मग बटाटे, पुन्हा शेंगा. कोंबडीचे तुकडे लहान हवेत, हिरव्या वाटणात तासभर मुरलेले, केळीच्या पानात पुडी बांधून मधोमध, जिथे उष्णता सगळीकडून येते. अंडी तिच्याभोवती. वर पुन्हा शेंगा आणि शेवटी पाला दाबून तोंड गच्च बंद. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगांची आणि पाल्याची वाफ पुरते. मग मडकं उलटं जमिनीवर ठेवायचं आणि त्याच्याभोवती, वर, पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. जाळ एकाच बाजूने लागला तर मडकं तडकतं किंवा अर्ध्या शेंगा करपतात आणि अर्ध्या कच्च्या राहतात. म्हणून पेटवणी चारही बाजूंनी, आणि वारा असेल तर त्या बाजूला दगडांचा आडोसा. अर्ध्या ते पाऊण तासाने राख बाजूला करून मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडायचे. चर्र करून तत्काळ उडाले तर पोपटी झाली. थेंब ओघळला तर अजून जाळ. मडकं ओल्या गोणपाटात धरून सुलटं करून परातीत पालथं घालताना जी वाफ उठते तिच्यापासून चेहरा लांब ठेवावा. कोंबडीचा एक तुकडा हाडाजवळ फोडून बघावा, रस पारदर्शक असेल तर वाढायला हरकत नाही. आणि हो, पोपटी खायला ताट लागत नाही. शेंगा सोलत गप्पा चालतात, तेरा तासांतले दोन त्यात सहज जातात.

जेवण झालं की शेकोटी मंद करावी आणि दिवे बंद. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि कुणी एकाने मोबाइल उघडला की सगळ्यांची मेहनत पाण्यात. हिवाळ्याचं आभाळ वर्षातलं सगळ्यात श्रीमंत. डिसेंबरच्या मध्याला सात-साडेसातपर्यंत पूर्वेला मृग वर येतो, तीन ताऱ्यांचा बाण उभा. त्या बाणाची रेघ वर नेली की रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका, खाली नेली की व्याध, तो डोंगरावर यायला नऊ वाजतात. मध्यरात्रीनंतर दक्षिणेला, व्याधाच्या खाली अगस्ती दिसतो. इथून तो जेमतेम अठरा अंश वर येतो, हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींहून कमी. दक्षिणेला डोंगर असेल तर दिसणारच नाही, तेव्हा काठ निवडतानाच त्याचा विचार व्हावा. १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुनेतून उल्कावर्षाव होतो. दुर्बीण लागत नाही, उलट तिच्यामुळे आभाळाचा तुकडाच दिसतो. चटईवर उताणं पडायचं, पांघरूण गळ्यापर्यंत, आणि दहानंतर नुसतं बघत राहायचं. पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार असेल तर उल्कांचा नाद सोडून पाण्यावरचं चांदणं बघावं, दोन्ही एकदम मिळत नाहीत.

यात एकच विघ्न, समोरच्या काठावरचा स्पीकर. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की थंड रात्री पाण्यालगत गार हवा आणि वर उबदार हवा असा थर बसला की आवाज वर न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून कोसभर स्पष्ट ऐकू जातो. आपल्या तंबूतली कुजबुजही पलीकडे पोचत असते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पहाट हा या रात्रीचा शेवटचा आणि सगळ्यात थंड तुकडा. पाणी उन्हाळ-पावसाळ्याची ऊब धरून असतं, त्यावर डोंगरावरून उतरलेली गार हवा आली की पाण्यातून वाफ उठल्यासारखं धुकं निघतं. जितकी रात्र निरभ्र आणि वारा पडलेला, तितकं ते दाट. उजाडण्याआधी अर्धा तास ते ऊन वर येईपर्यंत त्याचा खेळ, नऊपर्यंत साफ. बूट घालण्याआधी उलटे करून आपटावेत, विंचवाला उबदार काळोख आवडतो. रात्री बूट तंबूच्या आत ठेवले तर उत्तम. हिवाळ्यात साप नसतात हा समज घोणसच खोटा ठरवते, तिचा मीलनाचा काळ याच दिवसांत येतो. अंधारात विजेरीशिवाय पाऊल नको. चावा झाला तर आवळपट्टी बांधणं, चिरा देणं, काही नाही. अवयव हलू न देता थेट प्रतिविष मिळणारं रुग्णालय. सर्वांत जवळचं कुठलं, हे येताना गावात विचारून ठेवायचं.

पक्षी बघायचे असतील तर भिंतीजवळ थांबू नये. तिथे पाणी खोल, आणि थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू ही बदकं उथळ पाण्यात चोच घालून खाणारी. ती सापडतात फुगवट्याच्या शेपटीला, जिथे नदी जलाशयाला मिळते आणि गाळ साचलेला असतो. खोल धरणांवर नदी सुरय, बंड्या आणि एखादी मोरघार एवढ्यावर समाधान मानावं लागतं. खास बदकांसाठीच जायचं तर गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. दुर्बीण ८ × ४२ पुरते, दहा पटीची हातात थरथरते. सूर्य पाठीशी घेऊन उभं राहावं, नाहीतर सगळी बदकं काळीच.

पाण्यात उतरण्याबद्दल कडक बोलावं लागतं. जलाशयाखाली एकेकाळी गावं होती. मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला तो याच बुडणाऱ्या जमिनींसाठी. ती भातखाचरं, बांध, विहिरी, झाडांची खोडं अजून तळाशी आहेत. म्हणून काठाचा उतार सरळ नसतो. गुडघाभर पाण्यात दहा पावलं चालावं आणि अकरावं पाऊल बांधावरून खालच्या खाचरात पडावं, एकदम गळ्याच्या वर. तरणतलावात पोहता येणाऱ्याचा इथे गोंधळ होतो तो याच पायरीवर, त्यात पायाला गाळ धरून ठेवतो. होडीत किंवा कयाकमध्ये बसताना लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावून, कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. कयाक सकाळी करावी, दुपारनंतर वारा उठतो आणि परतीचं वल्हवणं जाताना कळलेलं नसतं. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्याजवळ जाऊ द्यायचं नाही, मग तो कितीही चिडो.

निघण्याची घाई करू नये. साडेनऊपर्यंत फ्लाय उलटा करून झुडपावर टाकला तर निम्मा वाळतो. उरलेला निम्मा मुंबईत वाळवायचा असतो आणि तिथेच सगळे तंबू मरतात. ओला तंबू पिशवीत आठवडाभर राहिला की बुरशी धरतो, काळे ठिपके येतात ते जात नाहीत. वारंवार तसं झालं की आतला जलरोधक लेप चिकट होऊन सोलपटतो. घरी पोचल्यावर त्याच रात्री फ्लाय खिडकीच्या ग्रिलवर, आतला तंबू दोरीवर, ताडपत्री गच्चीवर. खुंट्यांची माती धुऊन पुसून, मोजून ठेवाव्यात. आणि स्लीपिंग बॅग तिच्या चिमुकल्या पिशवीत कोंबून वर्षभर माळ्यावर टाकायची नाही, आतला कापूस चेपला की पुन्हा फुलत नाही. जागेची अडचण असेल तर लोडाच्या अभ्र्यात सैल भरून दिवाणावर टाकावी. पाहुण्यांना टेकायला होते.